मामलेदार, तलाठी आणि मुलुंडचं गाऱ्हाणं

"माणसाने नियोजन करावं, धाकू! नियोजन चोख असलं की देवाला काही कामच उरत नाही!"

कणकवलीच्या अलीकडच्या एका गावात, मे महिन्यातल्या पहाटे, मार्तंडराव केळुसकरांनी आपल्या फियाटच्या बॉनेटवर कोपर टेकून हे वाक्य उच्चारलं. देव ऐकत होता की नाही, सांगता येत नाही. कुत्रे मात्र ऐकत होते.

कुत्रे दोन होते. मोठा पिवळा, म्हशीच्या रेडकाएवढा, तो मामलेदार. लहान काळा, एका कानाने कायम संशय घेणारा, तो तलाठी. ही नावं धाकूच्या वडिलांनी, म्हणजे भाऊराव परब ऊर्फ आबांनी ठेवलेली. आयुष्यभर या दोन हुद्द्यांनी आबांना उठबशा काढायला लावल्या होत्या. म्हातारपणी आबांनी दोघांना दारात बांधलं आणि सूड उगवला.

आबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला म्हणून धाकूने त्यांना दहिसरच्या चाळीत आणलं होतं. पण ऑपरेशनची तारीख जवळ आली तसे आबा खाटेवर उठून बसले. "माझे कुत्रे हय येवक व्हये. नाय तर ह्यो मी चाललंय एस्टीन!" धाकूची बायको शेवंती म्हणाली, "आणा बाई ते कुत्रे! एकटे आबा सांभाळण्यापेक्षा कुत्र्यांसकट आबा सोपे!"

धाकू हा मार्तंडरावांचा बालमित्र. दोघं एकाच चाळीत वाढले. धाकू गिरणीत लागला, गिरणी बंद पडल्यावर दहिसर स्टेशनबाहेर पंखे आणि मिक्सर दुरुस्त करू लागला. मार्तंडराव बी.ए. झाले, अंधेरीच्या एका पंख्यांच्याच कंपनीत सीनियर असिस्टंट झाले आणि बोरिवलीत ब्लॉक घेऊन राहिले. एवढंच नव्हे, तर विवेक मंडळाचे चिटणीस झाले. दर दुसऱ्या रविवारी ते मांजर आडवं जाण्याविरुद्ध बोलत. त्यांच्या घरच्या देव्हाऱ्यात ट्रान्झिस्टर ठेवलेला होता. देव कुठे गेले, हे त्यांच्या पत्नी शुभाताईंना माहीत होतं. ते स्वयंपाकघरात तूरडाळीच्या डब्यामागे होते आणि त्यांची पूजा रोज वेळेवर होत होती. मार्तंडरावांनाही हे माहीत होतं. पण त्यांनी डाळीच्या डब्यामागे कधी पाहिलं नाही. विवेक तो हाच.

तर धाकूला कुत्रे आणायचे होते आणि मार्तंडरावांना नुकतीच घेतलेली सेकंडहँड फियाट लांब पल्ल्याला काढून दाखवायची होती. गाडी पिस्त्याच्या रंगाची होती. तिची मागची डावी काच एकदा खाली गेली की वर येत नसे. बाकी गाडी झकास!

नियोजन असं होतं. पहाटे निघायचं, दुपारी दहिसरला कुत्रे उतरवायचे, बोरिवलीला आंघोळ, दाढी, इस्त्रीचा शर्ट आणि बरोबर सहाला मुलुंड. मुलुंड महत्त्वाचं होतं. मुलुंडला निवृत्त मुख्याध्यापक सीताराम कोचरेकर राहत होते, त्यांचा मुलगा नंदू इंजिनियर होता आणि मार्तंडरावांची मुलगी रत्नप्रभा एम.ए. झाली होती. पत्रं झाली होती, फोटो झाले होते. आता दोन्ही घरांनी समोरासमोर बसायचं राहिलं होतं. शुभाताई आणि रत्ना बोरिवलीहून परस्पर येणार होत्या. मार्तंडरावांनी हापूसची पेटी घेऊन पोचायचं होतं.

कोचरेकर सर म्हणजे कडक! पहिल्या भेटीत त्यांनी विचारलं होतं, "पत्रिका बघता?"

"छे! आमच्या देव्हाऱ्यात ट्रान्झिस्टर आहे!" मार्तंडरावांनी ठोकून दिलं होतं.

सर पहिल्यांदाच किंचित हसले होते. "उत्तम. मला दोन गोष्टी खपत नाहीत, केळुसकर. अंधश्रद्धा आणि उशीर."

यानंतर शुभाताईंनी नवऱ्याला एकच सांगितलं होतं. "रत्नाला मुलगा पसंत आहे. फोटो उशीखाली ठेवते ती. तुम्ही काही घोटाळा करू नका."

"मी?" मार्तंडराव म्हणाले होते. "मी घोटाळा?"

---

पहाटे गाडीचं दार उघडलं तेव्हा दोन्ही कुत्रे अंगणात शेजारी शेजारी बसलेले होते. मार्तंडरावांनी बिस्कीट दाखवलं. कुत्र्यांनी बिस्किटाकडे पाहिलं, मार्तंडरावांकडे पाहिलं आणि दोघांची किंमत एकच केली.

"ओढ रे त्यांना!"

"मामलेदाराक ओढतंस? ओढून बघ," धाकू म्हणाला.

मार्तंडरावांनी ओढून पाहिलं. मामलेदार जागचा हलला नाही. मार्तंडराव हलले.

"ते असे यायचे नाहीत रे, मार्त्या. गाऱ्हाणं घालूक व्हया."

"काय?"

"गाऱ्हाणं! आबा रोज सकाळी त्यांच्यासमोर गाऱ्हाणं घालतात, मग ते उठतात. त्याशिवाय जेवूक नाय, शेतात जाऊक नाय, काय नाय. मी दर गणपतीक येऊन बघतंय."

आणि मार्तंडराव अडवायच्या आत धाकूने टोपी सरळ केली, हात जोडले आणि सुरू केलं, "बा देवा रवळनाथा! आई सातेरी! बारा गावच्या बारा राखणदारांनू! आज ही तुमची दोन मुकी लेकरां मुंबैक चाल्ली हत. तेंच्या वाटेत जा काय आडवा येतला, ता दूर कर रे म्हाराजा! कोणी नजर लावली आसात, तर ती तेच्याच म्हशीक लागांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" शेजारच्या अंगणातून कोणीतरी दात घासता घासता ओरडलं.

धाकूने वडिलांसारखीच मांडीवर थाप मारली. दोन्ही कुत्र्यांनी माना वर करून "भ्व्होऽऽ" केलं, उठले आणि सरकारी गाडीत बसावं तसे फियाटमध्ये जाऊन बसले.

मार्तंडरावांनी कुत्र्यांमागे दार लावलं. मग त्यांना रशियातला शास्त्रज्ञ आठवला. "यात दैवी काही नाही! एका माणसाने घंटा वाजवून कुत्र्याच्या तोंडाला पाणी आणलं होतं. याला प्रतिक्षिप्त क्रिया म्हणतात."

"म्हणूंदेत की," धाकू म्हणाला. "गाडी काढ."

---

पहिला तास नियोजनाप्रमाणे गेला. पुढचे सगळे तास कुत्र्यांप्रमाणे गेले.

कुत्र्यांना गाडीत बसायची सवय नव्हती. दर थोड्या वेळाने तलाठी दाराशी नखं घासू लागे आणि मामलेदार मागून मार्तंडरावांच्या डाव्या खांद्यावर हनुवटी टेकून कानात उसासे टाकी. तो उसासा म्हणजे उकिरड्यावरून आलेली लू! मग गाडी थांबवायची, दोघांना खाली उतरवायचं. खाली ते आनंदाने उतरत. झाडं बघत, दगड बघत, आपापल्या खात्याची पाहणी पुरी करत. आणि मग रस्त्याच्या कडेला शेजारी शेजारी बसत. बसले की बसले! पुन्हा गाऱ्हाणं!

"थोडक्यात आटप," मार्तंडराव म्हणत.

"थोडक्यात कसं? आणि इथला राखणदार कोण ता विचारूक व्हया. आपण त्याच्या हद्दीत आहोत ना? आपल्या गावच्या देवाक इथे कोण ओळखता?"

"तू काय सगळ्या हायवेची ग्रामदैवतं गोळा करणार?"

"मग? दुसऱ्याच्या दारात जाऊन दुसऱ्याचंच नाव घेतलं तर चालतं? तुझ्या ऑफिसात चालतं?"

मार्तंडरावांच्या ऑफिसात ते मुळीच चालत नसे. त्यांनी घड्याळ पाहिलं. धाकू मात्र रस्ता ओलांडून, शेतातल्या माणसाला हाक मारून, "ओ दादा, इथलो राखणदार कोण?" असं विचारून आला. त्या दादाने नाव सांगितलं, शिवाय त्या देवाने एकोणीसशे साठच्या पुरात काय काय केलं तेही सांगितलं. शिवाय गाऱ्हाण्याला हजर राहिला. राजापूरला तसंच. संगमेश्वरला तसंच. चिपळूणला तर सांगणारे दोघं होते आणि दोघांत राखणदाराच्या हद्दीवरून भांडण लागलं. ते मिटवायला धाकूने दोन्ही देवांची नावं घेतली आणि कोणाचं आधी घ्यायचं यावर नवं भांडण लागलं.

सूर्य डोक्यावर आला. नियोजनाप्रमाणे आता पनवेल यायला हवं होतं.

कशेडीच्या घाटात फियाट उकळली. बॉनेटमधून वाफ निघाली, मार्तंडरावांच्या डोक्यातूनही. दोघं आंब्याच्या पेटीवर बसले. कुत्रे खाली उतरले, हिंडले, बसले. गाडी गार झाली. मार्तंडरावांनी विचार केला, प्रतिक्षिप्त क्रियाच आहे ना? मग ती कोणीही करून दाखवावी! त्यांनी दार उघडून धरलं आणि शुद्ध मराठीत, हजेरी घ्यावी तसं म्हटलं, "होय महाराजा. चला."

तलाठ्याने जांभई दिली.

"हो बाजूला," धाकू म्हणाला. त्याचा आवाज आता घासलेल्या वहाणेसारखा झाला होता. त्याने घाटाच्या देवाला हात जोडले आणि पहिल्याच "म्हाराजा"ला मागून चाळीसेक माणसांचा आवाज आला, "व्हय म्हाराजा!"

मार्तंडरावांनी दचकून पाहिलं. सावंतवाडीहून आलेली एस्टीची बस थांबली होती. सगळ्या खिडक्यांतून डोकी बाहेर आली होती. कंडक्टर टोपी काढून पायरीवर उभा होता.

"कसलं गाऱ्हाणं आहे, दादा?"

"कुत्र्यांचं," मार्तंडराव म्हणाले.

"बरोबर आहे, घाट वाईट आहे," कंडक्टर म्हणाला. "आमच्या बसलापण घाला. ब्रेक जरा ढिले आहेत."

हे वाक्य ऐकल्यावर बसमधल्या चाळीसही जणांची श्रद्धा एकदम वाढली. धाकूने बसचं गाऱ्हाणं घातलं. मग बसमागच्या ट्रकचं. मग खिडकीतल्या एका म्हातारीच्या नातवाचं, जो दोनदा मॅट्रिकला बसला होता. ट्रकवाल्याने नारळ काढला आणि फोडायला दगड सापडेना म्हणून फियाटच्या बंपरवर फोडला.

"अहो, ती माझी गाडी आहे!" मार्तंडराव किंचाळले.

"पुण्यवान गाडी हाय साहेब!" ट्रकवाला म्हणाला आणि त्याने खोबऱ्याचा एक तुकडा विवेक मंडळाच्या चिटणीसांच्या तळहातावर ठेवला. मार्तंडरावांनी इकडेतिकडे पाहिलं आणि तो खाल्ला. सकाळपासून पोटात काही नव्हतं.

महाडला धाकूचा आवाज गंजलेल्या रहाटासारखा झाला. बर्फ घातलेला उसाचा रस प्यायला दिला, तर कोलाडला तो रहाटही थांबला. पेणचं गाऱ्हाणं नुसतंच कुजबुजलं गेलं, ऐकू आली ती फक्त मांडीवरची थाप. तरी कुत्रे उठले. मार्तंडरावांनी तिकडे लक्ष दिलं नाही, कारण ते घड्याळ बघत होते. पनवेल आलं तेव्हा धाकूचे नुसते ओठ हलत होते.

"संपलं!" मार्तंडराव म्हणाले. "आता दहिसर नाही, आंघोळ नाही, काही नाही. सरळ मुलुंड! आणि मागच्यांना सांग, ज्याला जे करायचं असेल ते मुलुंडनंतर!"

धाकूने मान हलवली. त्याला दुसरं काही करता येत नव्हतं.

वाशीचा पूल गेला, मानखुर्द गेलं. घाटकोपरला फियाट ट्रकांच्या मधोमध अशी अडकली की मार्तंडरावांनी स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. पाठ मोडली होती. कमरेखाली आपल्याला काही आहे की नाही, याची खात्री उरली नव्हती. खांद्यावर मामलेदाराची हनुवटी होती, मानेवरून काहीतरी चिकट ओघळत होतं. हात लावून पाहिला. आमरस! तलाठ्याने पेटीची एक फळी काढून सर्वेक्षण सुरू केलं होतं.

"धाकू," मार्तंडराव क्षीण आवाजात म्हणाले, "किती उरलेत?"

धाकूने मागे वळून पाहिलं आणि मायेने त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

---

सहाला दोन मिनिटं कमी असताना मार्तंडरावांनी कोचरेकरांच्या तळमजल्यावरच्या ब्लॉकची बेल वाजवली. गाडी त्यांनी मुद्दाम सोसायटीच्या कोपऱ्यावर, गुलमोहराच्या सावलीत ठेवली होती. कुत्रे आत. मागची डावी काच खाली. ती वर येत नाही, हे दिवसभराच्या थकव्यात नियोजनातून सुटलं.

दार सरांनी उघडलं. पांढराशुभ्र सदरा. त्यांनी आधी घड्याळ पाहिलं आणि समाधानाने मान डोलावली. मग मार्तंडरावांना पाहिलं आणि ती मान तशीच अर्ध्यावर थांबली. आत रत्नाशेजारी शुभाताई सोफ्यावर होत्या. त्यांनी नवऱ्याच्या शर्टावरचे पंजे पाहिले, मानेवरचा आमरस पाहिला, दाढीचे खुंट पाहिले, आणि त्या इतक्या गोड हसल्या की मार्तंडराव एक पाऊल मागे सरकले.

"प्रवास लांबचा झाला वाटतं?" कोचरेकरांच्या पत्नी कमलताई पोह्यांच्या बशा ठेवत म्हणाल्या.

"हा माझा मित्र धाकू परब. घसा बसलाय त्याचा," मार्तंडराव म्हणाले आणि खुर्चीत कोसळले.

"भाषणांमुळे?" सरांनी विचारलं. "तुमच्या विवेक मंडळात आहेत का हे?"

धाकूने नम्रपणे मान खाली घातली. मार्तंडरावांनी सरांना तो होकार समजू दिला.

"छान. प्रबोधन करणाऱ्यांचा घसा बसतोच. नंदू एवढ्यात येईल, भांडुपच्या फॅक्टरीत असतो. तोवर मला सांगा, केळुसकर, लग्न नोंदणी पद्धतीने करायचं झाल्यास तुमच्याकडच्या मंडळींची..."

पुढचे शब्द कोणाला ऐकू आले नाहीत. उघड्या राहिलेल्या दारातून एक पिवळं आणि एक काळं असं काहीतरी आत शिरलं, हॉलला एक फेरी मारली, कमलताईंच्या साडीचा वास घेतला, पसंत केला, आणि परत दाराकडे गेलं. तिथे, बरोबर उंबऱ्यावर, मामलेदार आणि तलाठी शेजारी शेजारी बसले. आबांच्या दारात रोज बसावं तसे.

मार्तंडरावांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. धाकूने डोळे मिटले.

"केळुसकर," सर सावकाश म्हणाले, "हे कोण?"

"हे मामलेदार," मार्तंडरावांच्या तोंडून निघालं. "आणि ते तलाठी."

शुभाताईंनी पदर तोंडाला लावला. आणि नेमकी तेव्हाच दाराबाहेर स्कूटर थांबली.

"बाबा!" बाहेरून आवाज आला. "मी आत येऊ का?"

"नंदू, घर तुझंच आहे!" सर म्हणाले.

"ते यांना सांगा ना!"

उंच, चष्मेवाला, सावळा मुलगा उंबऱ्यापासून चार हात लांब उभा होता. त्याने पाऊल पुढे टाकलं की मामलेदार घशातल्या घशात गुरगुरे. पाऊल मागे घेतलं की थांबे. मामलेदार कचेरीत जे करतात तेच!

रत्ना उठून उभी राहिली. तिने नंदूकडे पाहिलं, नंदूने तिच्याकडे पाहिलं, मध्ये सरकार बसलेलं.

"उठवा त्यांना," सर म्हणाले. त्यांचा आवाज वर्गातला झाला होता.

मार्तंडरावांनी पोहे दाखवले, बिस्कीट दाखवलं. पट्टा ओढला, तर मामलेदाराने दात दाखवले. धाकूने पुढे होऊन हात जोडले, तोंड उघडलं आणि त्यातून फुटक्या भात्यातून यावी तशी हवा आली. त्याने मार्तंडरावांकडे पाहिलं. मग हात जोडून, ओठ हलवून, डोळे मोठे करून त्याने सांगितलं, 'तू घाल!'

"मी?" मार्तंडराव कुजबुजले. "इथे? यांच्यासमोर?"

'मग कोण? मी?' धाकूने आपल्या गळ्याकडे बोट केलं.

"केळुसकर, तुमच्या मित्राला फिट येतेय का?" सर म्हणाले.

मार्तंडरावांनी रत्नाकडे पाहिलं. पोरगी ओठ चावत होती. हसू दाबत होती की रडू, कळत नव्हतं. एकीकडे ट्रान्झिस्टर होता आणि एकीकडे तो उशीखालचा फोटो. मार्तंडराव उंबऱ्यापाशी गेले. सगळ्यांकडे पाठ केली आणि हळूच, देवालासुद्धा ऐकू जाऊ नये अशा बेताने, सुरू केलं, "बा देवा..."

कुत्रे ढिम्म.

"बा देवा म्हाराजा," आवाज थोडा चढला.

कुत्रे ढिम्म. धाकूने पाठीत कोपर मारलं, 'जोराने!'

आणि मग काय झालं कोण जाणे. दिवसभराचा शीण असेल, कानात साठलेली ती सगळी गाऱ्हाणी असतील, की लहानपणी आजोबांच्या कडेवर बसून ऐकलेलं असेल, मार्तंडरावांच्या पोटातून एकदम आवाज फुटला, "बा देवा रवळनाथा! आई सातेरी! बारा गावच्या राखणदारांनू! आज ही तुमची लेकरां सकाळपासून वाटेर हत रे म्हाराजा! कोणाची पाठ मोडली, कोणाचो घसो बसलो, आंब्याची पेटी गेली! आता ह्या परक्या गावात येऊन उंबऱ्यार अडाकली हत! आत आसा ती बाहेर बघता, बाहेर आसा तो आत बघता!"

धाकू हातवारे करू लागला. त्याने जमिनीकडे बोट दाखवलं, चारी भिंतींकडे दाखवलं. मार्तंडरावांना कळलं. इथला राखणदार! मुलुंडच्या या सोसायटीचा राखणदार कोण? हे विचारायला आता कोणता दादा आणायचा? सुचेल ते त्यांनी ठोकलं, "आणि ह्या जागेचो जो कोण मालक, ह्या सोसायटीचो जो कोण चेअरमन आसात, तेना राग धरू नये! चुकला-माकला पोटात घालूचा, ह्या दोघांची वाट मोकळी करूची, आणि जा काय मनात योजलेला आसा, ता पार पाडूचा रे म्हाराजा!"

मार्तंडरावांचा हात आपोआप मांडीवर थाडकन आपटला.

"व्हय म्हाराजा!"

आवाज भरदार होता, खर्जातला होता आणि तो मागून आला होता. दोन्ही कुत्र्यांनी "भ्व्होऽऽ" करून त्याला साथ दिली, उठले आणि शांतपणे नंदूच्या शेजारून बाहेर पडले.

मार्तंडराव वळले. हॉलच्या मधोमध सीताराम कोचरेकर सर उभे होते. डोळे मिटलेले. हात जोडलेले.

 पंखा तेवढा कटकट करत होता. सरांनी डोळे उघडले, जोडलेल्या हातांकडे परक्याचे असावेत तसं पाहिलं आणि ते हळूच मागे नेले.

"सोसायटीचा चेअरमन मीच आहे," ते म्हणाले.

"असं का!" मार्तंडराव म्हणाले.

सरांनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला. "आमचे आजोबा कोचऱ्याला गाऱ्हाणं घालत. मी सहा वर्षांचा होतो. माझ्याकडे एवढंच काम होतं. शेवटी ओरडायचं." ते थांबले. "पन्नास वर्षांत ओरडलो नव्हतो."

"बरं वाटलं?" कमलताईंनी विचारलं.

"ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे, कमल! शास्त्रात तिला आधार आहे!"

"अगदी!" मार्तंडराव जवळजवळ ओरडलेच. "रशियात प्रयोग झालेत!"

"तेच म्हणतोय मी!"

रत्नाच्या तोंडून इतका वेळ दाबलेलं हसू फुटलं. उंबऱ्यातून आत येणारा नंदू तिच्याकडे बघून हसला, हसता हसता उंबऱ्याला अडखळला आणि चष्म्यासकट तिच्या पुढ्यात आला. पुढचं बोलणं फार लांबलं नाही. लग्न नोंदणी पद्धतीने करायचं ठरलं. निघताना सरांनी मार्तंडरावांना बाजूला घेतलं आणि घसा खाकरला. "सह्या करण्याआधी, केळुसकर, घरच्या घरी, चार माणसांत... हाच प्रयोग पुन्हा करून बघायला हरकत नाही. शास्त्रात एकदा करून भागत नाही."

---

दहिसरला पोचेपर्यंत दिवे लागून बराच वेळ झाला होता. शुभाताई आणि रत्ना परस्पर बोरिवलीला गेल्या होत्या; पवईवरून मार्तंडरावांनी फियाट बैलगाडीच्या वेगाने आणली. विजयी माणूस होते, पण विजय साजरा करायला लागणारे स्नायू उरले नव्हते. चाळीपाशी त्यांनी गाडी थांबवली, पण दमलेले कुत्रे या वेळी उतरायलाही उठेनात. मार्तंडरावांनी स्टिअरिंगवर हात टेकले आणि म्हणाले, "उतर. मी घालतो. तुला आवाज नाही." आणि शेवटचं म्हणून त्यांनी हात जोडले.

समोर खाटेवर बसलेल्या आबांनी फियाटचा आवाज ऐकला होता. मोतीबिंदूने त्यांना नीट दिसत नव्हतं, पण वास आला असावा. त्यांनी मांडीवर एक थाप मारली. खाली गेलेल्या काचेतून मामलेदार आणि तलाठी एकदमच बाहेर झेपावले, आबांच्या अंगावर चढले आणि त्यांचं तोंड चाटू लागले.

मार्तंडरावांचे जोडलेले हात तसेच राहिले.

"आबा," ते म्हणाले, "गाऱ्हाणं?"

"कसला गाऱ्हाना?"

"कुत्र्यांना उठवायला. गाऱ्हाणं घालावं लागतं ना?"

"कुत्र्यांका?" आबा हसले. त्यांच्या तोंडात दोनच दात होते, तेही हसले. "अरे, गाऱ्हाना देवाक घालतत! कुत्र्यांका काय कळता तेतूरला? ता झाला की मी मांडीर थाप मारून उठतंय, मगे ते उठतत. थापेक उठतत मेले! तुमी दिवसभर काय करत होतात?"

मार्तंडरावांनी धाकूकडे पाहिलं. धाकू आभाळाकडे बघत होता. राजापूर, संगमेश्वर, चिपळूणचं भांडण, कशेडीची बस, बंपर, आंबे, सगळं मार्तंडरावांच्या डोळ्यांपुढून गेलं. त्या सगळ्याला एक थाप पुरली असती! त्यांनी शिव्या द्यायला तोंड उघडलं.

मग त्यांना मुलुंड आठवलं. तिथेही थाप पुरली असती. कुत्रे गपचूप उठले असते. आणि मग सरांनी मानेवरच्या आमरसाकडे पुन्हा एकदा नीट पाहिलं असतं.

त्यांनी तोंड मिटलं. धाकूच्या कानाशी वाकून म्हणाले, "हे मुलुंडला कळता कामा नये."

धाकूने हात जोडले आणि ओठांनीच म्हटलं, 'व्हय म्हाराजा.'

मार्तंडराव गाडीत बसले. किल्ली फिरवली. फियाट खोकली आणि गप्प झाली. पुन्हा फिरवली. गप्प. त्यांनी डॅशबोर्डवर थाप मारून पाहिली. काही नाही. मग त्यांनी समोर पाहिलं, मागे पाहिलं, विवेक मंडळाचा एखादा सभासद दहिसरला राहतो का, हे आठवून पाहिलं, आणि हलकेच सुरुवात केली.

दुसऱ्याच ओळीला इंजिन सुरू झालं. कार्बोरेटरमध्ये कचरा असणार आणि तो आपोआप निघाला असणार, हे मार्तंडरावांनी जागच्या जागी ठरवून टाकलं. पण गाऱ्हाणं अर्धवट सोडू नये म्हणतात, म्हणून बोरिवली येईपर्यंत त्यांनी ते पुरं केलं.